टेबलावरची बाटली, साड्यांखालचा पत्ता

आमच्या जेवणाच्या टेबलावर एक स्टीलचं तबक असतं. मीठ, जीरावनाची डबी, लिंबाचं लोणचं, यांची बीपीची गोळी, आईंचं हिंग्वाष्टक, असा सगळा संसार त्यात. (आई म्हणजे माझ्या सासूबाई. ऐंशी ओलांडलेल्या. ऐकू कमी येतं, दिसतं मात्र सगळं.) दोन वर्षांपूर्वी त्या तबकात एक मोठी पांढरी बाटली येऊन बसली. आत मधाच्या रंगाच्या, करंगळीच्या पेराएवढ्या कॅप्सूल. आल्यागेल्याची नजर तिच्यावर जायचीच.

"हे काय गं नवीन?"

"ओमेगा थ्री."

"कशासाठी?"

"मेंदूसाठी, हृदयासाठी, चांगलं असतं म्हणतात."

"हो का? मलाही नाव लिहून दे."

त्याच वेळी आतल्या खोलीत, कपाटाच्या दुसऱ्या कप्प्यात, कधीच न नेसलेल्या तीन साड्यांच्या खाली एक पत्ता होता. इंदुरात आम्ही मराठी बोलतानाही गोळ्यांच्या पट्टीला पत्ताच म्हणतो. दहा गोळ्या, एकेक हरभऱ्याच्या डाळीहून लहान. तिचं नाव मला कोणी लिहून मागितलं नाही, कारण ती घरात आहे हे यांच्याखेरीज कोणाला ठाऊकच नव्हतं.

सुरुवात कधी झाली ते मला आजही नेमकं सांगता येत नाही. आमच्याकडे म्हणतात "करमत नाही", आणि करमत नसलं की राजवाड्यापर्यंत फिरून यायचं, थंडी असेल तर सराफ्यात गराडू खायचे, की झालं. मला करमत नव्हतं असं नव्हतं. करमणं ही भानगडच उरली नव्हती. सकाळचे पोहे समोर असायचे, वर शेव, वर जीरावन, आणि ते खायचे कशाला हा प्रश्न मला खरोखर पडायचा. पहाटे साडेतीनला जाग यायची. मी शाळेत गणित शिकवते. नववीची एकच वही मी तीनदा तपासली आणि तीनदा वेगळे मार्क दिले, तेव्हा पहिल्यांदा घाबरले.

घरात आधी लक्षात आलं ते विरजणामुळे. रात्री कोमट दुधाला विरजण लावणं हे वीस वर्षांचं माझं काम. एका महिन्यात चारदा विसरले. चौथ्यांदा आई म्हणाल्या, "दुधाचं जाऊ दे. तू कशाचा विचार करून राहिली आहेस?" मी कशाचाच विचार करत नव्हते, आणि तेच सांगता येत नव्हतं.

डॉक्टरबाईंचा दवाखाना दुसऱ्या मजल्यावर, खाली चपलांचं दुकान. यांनी गाडी दोन गल्ल्या सोडून लावली. मी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही. आमच्या पिढीच्या इंदूरकरांना बाणगंगा हे वस्तीचं नाव आहे हे पुष्कळ उशिरा कळलं; त्याआधी तो एकमेकांना चिडवायचा शब्द होता, कारण मनोरुग्णालय तिथे. असा शब्द डोक्यात घेऊन माणूस जिना चढतो. बाईंनी नैराश्याची गोळी लिहून दिली, नाश्त्यानंतर एक. "दोन-चार आठवडे फरक वाटणार नाही, धीर धरा," म्हणाल्या. त्याच आठवड्यात यांचा भाचा अमेरिकेहून आला आणि ती पांढरी बाटली घेऊन आला.

आता आमचं घर असं की कांदा-लसूणसुद्धा चातुर्मासात वर्ज्य. आईंनी बाटली उचलली, खिडकीच्या उजेडात धरली.

"कसलं तेल हे?"

"माशाचं," मी म्हणाले. खोटं बोलायलाही ताकद लागते, तीही नव्हती.

आई थोडा वेळ गप्प. मग म्हणाल्या, "मुलांना मुडदूस होऊ नये म्हणून कॉडलिव्हर दिलंच होतं की आपण. औषधाला चालतं. फक्त देवघरात नेऊ नकोस, आणि बाटली उघडलीस की हात धू." एवढ्यावर त्या बाटलीची पंगतीत जागा ठरली. पुढे वाचनात आलं की हे तेल यकृताचं नसतं, अँकोव्ही, सार्डिन असल्या लहान तेलकट माशांच्या अंगाचं असतं. आणि गंमत म्हणजे ओमेगा थ्री मूळचं त्या माशांचंही नव्हे. ते तयार होतं समुद्रातल्या सूक्ष्म शेवाळात, आणि खाण्याच्या साखळीतून माशांच्या अंगी लागतं. शेवाळापासून थेट काढलेलं, शुद्ध शाकाहारी तेलही मिळतं. हे आईंना सांगितलं तर म्हणाल्या, "मग आधी का नाही आणलंस?"

बाटलीपाठोपाठ आणखी येत गेलं. स्टाफरूममधल्या मैत्रिणीने प्रोबायोटिकच्या, म्हणजे पोटाला चांगल्या समजल्या जाणाऱ्या जिवंत जिवाणूंच्या पुड्या सुचवल्या, मी दवाबाजारातून आणल्या. त्या फ्रिजमध्ये, कोथिंबिरीशेजारी. मुलीने पुण्याहून लिंक पाठवल्या. नात्यातल्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक निरोप आला: शरीरातलं नव्वद टक्के सेरोटोनिन आतड्यात तयार होतं, म्हणून दही खा, आनंदी राहा. (सेरोटोनिन म्हणजे मनःस्थितीशी जोडलं जाणारं एक रसायन.) पहिलं वाक्य खरं आहे. पण आतड्यातलं सेरोटोनिन रक्तातून मेंदूत शिरू शकत नाही, मधला पडदा ते अडवतो. मेंदू आपल्यापुरतं वेगळं बनवतो. म्हणजे निरोपातल्या "म्हणून"ला आधार नव्हता. माझ्या वर्गात कोणी असा "म्हणून" लिहिला असता तर मी लाल गोल केला असता. पण तेव्हा नाही केला, कारण मला तो हवा होता.

दिवाळीत माहेरची माणसं येणार होती. म्हणजे कपाटं उघडणार, साड्या बाहेर निघणार. वसुबारसेच्या आदल्या दिवशी मी पत्ता वर्तमानपत्रात गुंडाळून कचऱ्याच्या गाडीत टाकला. ओला कचरा वेगळा, सुका वेगळा, हे इंदुरात लहान मुलालाही पाठ. त्या दिवशी मी पत्ता कुठल्या डब्यात टाकला ते आठवत नाही. मनाची समजूत अशी की बाटली आहेच. ती नैसर्गिक आहे. शिवाय ती टेबलावर ठेवता येते. खरं सांगायचं तर यातलं शेवटचं कारण सर्वांत मोठं होतं.

तिसऱ्या दिवसापासून मान वळवली की डोक्यात बारीक वीज चमकल्यासारखं व्हायचं. चक्कर, विचित्र स्वप्नं. असल्या गोळ्या एकदम बंद केल्या की असं होतं आणि म्हणून त्या डॉक्टरांना विचारून हळूहळू उतरवायच्या असतात, हे मला सांगितलेलं होतं. झटके दोनेक आठवड्यांत थांबले. मला वाटलं, जिंकलं. डिसेंबरच्या मध्यावर मी पुन्हा साडेतीनला छताकडे बघत पडलेली होते, आणि या खेपेला डोक्यात येणारे विचार जास्त काळे होते. मानसिक त्रासात मदतीसाठी टेलीमानसचा १४४१६ हा सरकारी नंबर २०२२पासून चोवीस तास चालू आहे, फुकट आहे. मला तेव्हा तो माहीत नव्हता. मी यांना उठवलं.

डॉक्टरबाई रागावल्या नाहीत. "जे जे घेता ते सगळं घेऊन या," एवढंच म्हणाल्या. मी पिशवी टेबलावर रिकामी केली. त्यांनी बाटली फिरवून मागची बाजू माझ्यापुढे केली. पुढे ठळक लिहिलेलं: १००० मिलिग्रॅम. मागे बारीक अक्षरात: ईपीए १८०, डीएचए १२०. ओमेगा थ्री म्हणतात ते हे दोन.

"बाकीचे सातशे?" मी विचारलं.

"तेलच. इतर चरबी."

मग त्यांनी समजावलं ते असं. नैराश्यावर ओमेगा थ्रीचे जे प्रयोग झाले त्यांत थोडाफार उपयोग दिसला तो ईपीए जास्त असलेल्या तेलाचा. पोषण आणि मानसोपचार यांवर काम करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संशोधकांनी २०१९ साली जी दिशा आखून दिली तिच्यात रोज एक ते दोन ग्रॅम ईपीए म्हटलंय, आणि तेही मुख्यतः औषधाच्या जोडीला. मी तिथल्या तिथे भागाकार केला. एक ग्रॅम ईपीएसाठी रोज सहा कॅप्सूल, दोन ग्रॅमसाठी बारा. मी घेत होते एक. पाच महिने. "मग सहा घेऊ?" असं विचारलं तर हसल्या. "नको. जास्त मात्रेने काहींच्या हृदयाचे ठोके अनियमित होतात, रक्त पातळ करणारी औषधं घेणाऱ्यांनी तर विचारल्याशिवाय घेऊच नये. आणि इतकं करून पदरात पडणारा फायदा लहान."

लहान म्हणजे किती, हे मी नंतर घरी शोधत बसले. बरं वाटायला लागल्याचं ते पहिलं लक्षण असावं. आजारी माणूस शोधत बसत नाही. अनेक प्रयोग एकत्र करून तपासणाऱ्या कॉक्रेनच्या २०२१च्या आढाव्याचा सूर असा की फरक दिसतो, पण रुग्णाला जाणवेल इतका नसावा, आणि पुरावाही भक्कम नाही. नैराश्य येऊच नये म्हणून घेण्याचं तर आणखी वाईट. अमेरिकेत पन्नाशीपुढच्या अठरा हजारांहून अधिक लोकांना पाच वर्षांवर माशाचं तेल किंवा नकली कॅप्सूल दिली. २०२१ला निष्कर्ष आला. तेलवाल्यांत नैराश्य कमी तर झालं नाहीच, किंचित जास्तच निघालं. युरोपात चार देशांतल्या १०२५ जणांना वर्षभर ओमेगा थ्री, फॉलिक अ‍ॅसिड, ड जीवनसत्त्व आणि सेलेनियम असं एकत्र दिलं, त्याचाही उपयोग झाला नाही. मी हे यांना वाचून दाखवलं तर म्हणाले, "भाच्याला सांगू नकोस."

त्या पिशवीतली एकच गोष्ट बाईंनी गंभीरपणे घेतली आणि ती पिशवीत नव्हतीच. तळपायाला मुंग्या येतात का, असं त्यांनी विचारलं. येत होत्या, मी त्या उभं राहून शिकवण्याच्या खाती टाकल्या होत्या. रक्त तपासलं, बी-१२ निघालं १३८. दोनशेच्या खाली कमी समजतात. जन्माची शाकाहारी, त्यात अ‍ॅसिडिटीची गोळी कित्येक वर्षं रोज घेतलेली, जिच्याने बी-१२ शोषलं जाण्यात अडथळा येतो. बी-१२ कमी पडलं की थकवा, विसराळूपणा, उदासी येऊ शकते. म्हणजे भरून काढण्याजोगी खरी उणीव शरीरात होती, आणि मी भलत्याच बाटलीने ती भरत होते. इंजेक्शनं सुरू झाली. गोळीही परत सुरू झाली. याचा अर्थ सगळं बी-१२मुळेच होतं असा मात्र नाही. बाईंनी तसं म्हणू दिलं नाही.

आता पुड्यांचं. हा विषय मला तेलापेक्षा जास्त आवडला, कबूल करते, कारण त्यात उंदीर आहेत आणि कथा आहे. २०११ साली आयर्लंडमधल्या कॉर्कच्या संशोधकांनी उंदरांना एक जिवाणू खाऊ घातला. ते उंदीर कमी घाबरट झाले, पाण्यात टाकले तर लवकर हात टेकत नव्हते. मग त्यांनी काही उंदरांची व्हेगस नस कापली. आतड्यांपासून मेंदूपर्यंत जाणारी ती लांबच लांब नस. नस कापल्यावर जिवाणूचा परिणाम नाहीसा. म्हणजे पोटातून डोक्यापर्यंत खरोखर तार गेलेली आहे आणि तिच्यावरून निरोप जातात. दोन वर्षांनी त्याच गटाने अशा जिवाणूंना "सायकोबायोटिक" असं नाव दिलं. जग हरखून गेलं. आणि मग २०१७ साली त्याच कॉर्कमध्ये तोच जिवाणू एकोणतीस निरोगी पुरुषांना दिला. काही झालं नाही. मला या लोकांचं कौतुक वाटतं. आपलीच गाजलेली गोष्ट माणसांत चालली नाही हेही त्यांनी छापलं.

आजारी माणसांवरचे प्रयोग लहान लहान. इराणमध्ये चाळीस जण, आठ आठवडे, फरक पडला. न्यूझीलंडमध्ये एकोणऐंशी जण, फरक नाही. २०२३ला लंडनमध्ये एकोणपन्नास जणांना औषध चालू ठेवून जोडीला चौदा प्रकारच्या जिवाणूंची कॅप्सूल दिली, तिथे बरा परिणाम दिसला. आशा वाटावी इतकं आहे, औषध सोडावं इतकं नाही.

आणि माझी पुडी? पाकिटावर लिहिलेलं, इतके अब्ज जिवाणू. कोणते? लॅक्टोबॅसिलस अमुक. पण प्रयोगात जो वापरतात त्याच्या जातीपुढे आणखी एक खूण असते, अक्षरं-आकड्यांची, कारण एकाच जातीतले दोन जिवाणू अगदी वेगळे वागू शकतात. माझ्या पाकिटावर ती खूण नव्हती. राजेंद्रनगरात येऊन "माधव कुलकर्णी कुठे राहतात?" विचारल्यासारखं. आडनाव आहे, नाव आहे, पत्ता नाही. खाली आणखी एक ओळ होती जी मी पाच महिने वाचली नव्हती: औषधी उपयोगासाठी नाही. आपल्याकडे पूरक आहाराच्या पाकिटावर हे छापावंच लागतं. म्हणजे पाकीट स्वतः खरं बोलत होतं.

मराठीला हे सगळं आधीच माहीत होतं असं म्हणायचा मोह मला झाला. पोटात गोळा येतो, पोटात तुटतं, कालवाकालव होते, गोष्ट पोटात ठेवतात, दुसऱ्याचं बरं पाहून पोटात दुखतं. पण मग काळजाचं पाणीही होतं आणि तळपायाची आग मस्तकात जाते. भाषेवरून शरीरशास्त्र ठरवायला गेलं तर अवघड होईल.

घरच्या दह्याचा प्रश्न आईंनी काढला. "त्या पुडीत जे आहे ते माझ्या विरजणात नाही का?" त्यांचं विरजण म्हणे ग्वाल्हेरहून सासूकडून आलेलं, मध्ये किमान दहा वेळा बिघडून शेजारून वाटीभर आणलेलं मी पाहिलं आहे, पण वंशावळ ग्वाल्हेरचीच. विरजणात जिवाणू जिवंत असतात हे खरं, कोणते ते कोणालाच माहीत नाही हेही खरं, आणि पोटातल्या आम्लातून किती तगतात ते आणखी वेगळं. कढी केली की तेही मेले. मी म्हटलं, "आई, दही दही म्हणून खावं." त्यांना हे उत्तर पटलं नाही.

एका प्रयोगाबद्दल मात्र मी थांबून विचार केला. ऑस्ट्रेलियात फेलिस जॅका यांच्या गटाने २०१७ साली प्रसिद्ध केलेला. नैराश्याचे सदुसष्ट रुग्ण, बारा आठवडे. निम्म्यांना आहारतज्ज्ञाने भाज्या, डाळी, फळं, पूर्ण धान्यं, सुकामेवा, मासे असं खायला शिकवलं. उरलेल्या निम्म्यांबरोबर कोणीतरी नुसतं बसून गप्पा मारल्या, पत्ते खेळले. खाण्याच्या गटातले जवळजवळ एक तृतीयांश आजाराच्या पल्याड गेले, गप्पांच्या गटातले आठ टक्के. प्रयोग लहान, आणि आपण कुठल्या गटात आहोत हे माणसांना कळत होतं, त्यामुळे फार उड्या मारू नयेत. तरीही यात कॅप्सूल नव्हती. ताट होतं.

डिसेंबरनंतर आमच्याकडे तेच झालं, फक्त प्रयोग म्हणून नाही. दुपारी शाळेतून आले की आई माझ्यासमोर ताट ठेवून समोरच्या खुर्चीवर बसायच्या. ज्वारीची भाकरी, पालेभाजी, जवसाची चटणी, ताक. जवसाबद्दलही मी त्यांना शहाणपणा शिकवला होता, की त्यातलं ओमेगा थ्री वेगळ्या जातीचं, शरीर त्यातला फार थोडा भाग ईपीएमध्ये बदलतं. त्या म्हणाल्या, "चव लागते ना?" मी खाईपर्यंत त्या उठायच्या नाहीत. भूक नव्हती; दोन घास जायचे, मग तीन. आणि त्या बोलत राहायच्या. गिरण्यांच्या भोंग्यावर घड्याळं लावायचे ते दिवस, पहाटेच्या भोंग्याला उठून चूल, कोण कोणाच्या लग्नात रुसलं. मला काही विचारायच्या नाहीत. ऐकू येत नसल्याने उत्तराची अपेक्षाही नसावी. म्हणजे मला ताटाचा गट आणि गप्पांचा गट एकदमच लागू झाला. असला प्रयोग कोणी छापणार नाही.

फेब्रुवारीत एके दिवशी मी विरजण लावलं आणि लावल्यावर लक्षात आलं की लावलं.

लोक विचारतात, कशाने बरं वाटलं? गोळी परत सुरू झाली, बी-१२ भरलं, आईंची ताटं, संध्याकाळचं अन्नपूर्णा रोडवरचं चालणं, थंडी सरली, दिवस मोठे झाले. समीकरण एक आणि अज्ञात राशी सहा. नववीच्या मुलालाही सांगता येईल की हे सुटत नाही. पण विचारणाऱ्याला एक नाव हवं असतं, शक्यतो दुकानात मिळणारं. पूर्वी मी बाटलीचं सांगायचे. आता गोळीचं सांगते, कारण तिची बाजू घेणारं कोणी नसतं.

पत्ता साड्यांखालून बाहेर आला त्यात माझं काही शौर्य नाही. मार्चमध्ये आईंनी साड्यांना ऊन दाखवायला कपाट काढलं. मी शाळेतून आले तर त्या हातात पत्ता घेऊन बसलेल्या. "ही तुझीच ना? इथे कशाला ठेवलीस? विसरशील एखाद्या दिवशी." उठल्या आणि तबकात, यांच्या बीपीच्या गोळीशेजारी ठेवून दिला. तो अजून तिथेच असतो. पाहुण्यांची नजर तरीही आधी बाटलीकडेच जायची. एका मावसनणंदेने तेवढं विचारलं, "ही कसली?" "डिप्रेशनची." "अच्छा," म्हणाली आणि पोह्यांवर आणखी शेव घेतली.

बाटली अर्धी उरली होती आणि तिची तारीख उलटली. मी टाकायला निघाले तर आई म्हणाल्या, टाकायचं कशाला, तेलच आहे ना. साडीला लावायची पिन काढून त्यांनी एकेक कॅप्सूल टोचली आणि वाटीत पिळली. सगळ्या घरभर तो वास. वाटी घेऊन त्या गच्चीवर गेल्या आणि दोन पावसाळे करकरणाऱ्या दाराच्या बिजागऱ्यांना तेल लावून आल्या. आता ते दार करकरत नाही. शेजारचं तपकिरी मांजर मात्र रोज दुपारी येतं, दाराशी बसतं आणि बिजागरी चाटतं. आई जिन्याखालून त्याला हाकलतात आणि मला म्हणतात, "बघ. देवघराच्या दाराला लावलं असतं म्हणजे!"